खळ घातलेली पँट आणि काळा करकोचा

पेंचच्या दरीत मी बसून उतरले. म्हणजे अक्षरशः बसून, ढुंगणावर सरकत. हे मी कुणालाही सांगते आणि सांगताना मान ताठ ठेवते. त्या दरीचा तळ आता धरणाच्या पाण्याखाली गेलाय, तेव्हा आता धडधाकट पायांच्या माणसालाही तिथे जाता यायचं नाही. मी जाऊन आले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि आम्ही इतवारी पेठेत राहत होतो. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय घेतला. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि हातात काठी, असा सगळा सरंजाम घेऊन मी सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी भरभर चालत असे. पक्ष्यांचा नाद कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाने लावला. पुढे मी रविवारी तलावांवर जाणाऱ्या एका गटात शिरले. एका कॉलेजातले प्राध्यापक आमचे म्होरके होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. माणूस सज्जन, पण माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. मला त्या मऊ आवाजाचा भारी राग यायचा.

त्या हिवाळ्यात पेंचच्या दरीत जायचं ठरलं. खाली डोहाशी काळा करकोचा येतो असं ऐकिवात होतं. भलता लाजाळू पक्षी, गटातल्या कुणीच तो पाहिलेला नव्हता. बेत सांगून झाल्यावर सर माझ्याकडे वळले.

"तू वर मेटॅडोर गाडीजवळ थांब. सावली आहे तिथे. आणि यायचंच म्हणशील तर आम्ही चौघं तुला खुर्चीवर बसवून खाली नेऊ."

"मी माझी माझी येईन, सर."

"आणि अर्ध्यात अडकलीस तर? सगळ्यांचा दिवस वाया जाईल. मग पुढच्या वेळी तुला न्यायचं की नाही, याचा विचार करावा लागेल मला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तणतणत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आई काटोलकडच्या शेतकऱ्याची लेक, लग्नापर्यंत कापूस वेचलेली. ती ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"खुर्चीवर काहून? नवरी हायेस का तू?"

"तेच तर."

"मंग जाशीन कशी?"

"बसत बसत."

तिने जरा विचार केला. "बसत गेली तं लुगडं फाटन. कापड मजबूत पाह्यजे." झालं, तिच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. वडील इतवारीतच एका कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांनी जाड खाकीचा उरलेला तुकडा आणला आणि आईने मशीनवर मला पँट शिवली. बसायच्या जागी दुहेरी कापड, वर आडव्याउभ्या टिपा. आमच्या गल्लीत तोवर कुठल्या बाईने पँट घातली नव्हती. समोरची शेजारीण ओट्यावरून डोकावली.

"हे कोनासाठी शिवून राहिली वं?"

"माह्या पोरीसाठी."

"पोरगी प्यांट घालन?"

"घालन," आई म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केली.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या घरचा एक रिवाज होता. घरातलं कुणी गावाला निघालं की त्याचे कपडे भाताच्या पेजेची खळ घालून, कडक इस्त्री करून द्यायचे. लोकांत जायचं तर चुरगळलेलं जाऊ नये. आईने इमानेइतबारे पँटला दाट खळ घातली. पहाटे मी ती उचलली तर भिंतीशी आपली आपण उभी राहील इतकी ताठ! आई कौतुकाने पँटकडे बघत होती, मग मी काय बोलणार? घातली आणि निघाले.

मेटॅडोर वरच्या माळावर थांबली. कडेला जाऊन मी खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना काळे कातळ, उतारभर साग, आणि पार खाली हिरवं पाणी. सगळे वडावरची हरियालं, म्हणजे हिरवी कबुतरं, बघत उभे होते. मी कॅलिपर काढून गळ्यात अडकवलं, खाली बसले आणि सरकले. कर्रर्र! शांत जंगलात ती पँट अशी वाजली की वडावरचा सगळा थवा एकदम उडाला.

"ताई, जरा हळू," गटातले एक गृहस्थ म्हणाले.

"मी हळूच आहे. पँट ऐकत नाही."

सगळे हसले, मीही हसले. पण सर हसले नाहीत. अडकण्याची भीती मला नव्हती, पण आवाजामुळे गटातून आपली कायमची रवानगी होणार असं वाटू लागलं. परतायचं मात्र मनातही आलं नाही. एक हात मागे, चांगला पाय पुढे, अंग उचलायचं, टेकायचं. तळव्यांना खडे रुतत होते. थंडीतही घाम फुटला. सरांनी मध्ये हात पुढे केला.

"सर, तुम्ही पुढे व्हा," मी म्हटलं. ते पुढे झाले.

आणि मी तळाला पोचले. पाण्यात हात बुडवले तेव्हा मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. बाकीचे कधीच येऊन थांबले होते. सर म्हणाले, "आलीस, शाब्बास. आता मात्र इथेच बस, हलू नकोस. आम्ही त्या वळणापलीकडे जाऊन येतो. तू बरोबर आलीस तर एक पाखरू थांबायचं नाही."

लागलं मला ते. पण खरं होतं. ते सगळे गेले. मी दगडाला टेकून बसले, मनातल्या मनात भांडत. जरा पाय हलवला की कर्रर्र, म्हणून पाय हलवणं सोडलं. कंबर अवघडली तरी तशीच राहिले. थोड्या वेळाने एक परीट पक्षी शेपटी हलवत माझ्या बुटापर्यंत आला. समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. मी तिथे आहे हे दरी विसरली होती.

मग वरून एक मोठी सावली पाण्यावर उतरली. लांब लाल पाय, लाल चोच, पोट पांढरंशुभ्र आणि बाकी सगळा काळा. मान वळवली की त्या काळ्यात हिरवा-जांभळा रंग चमके. काळा करकोचा! दुर्बीण मांडीवर होती, पण उचलायची हिंमत नव्हती. तिची गरजही नव्हती. तो उथळ पाण्यात एकेक पाऊल टाकत मासे धुंडाळत माझ्याकडेच येत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

तेवढ्यात वळणावर सर दिसले. मी फक्त हात वर केला, तळवा त्यांच्याकडे. ते होते तसे थांबले, एक पाय दगडावर आणि एक गार पाण्यात. मागचे त्यांच्यामागे थबकले. करकोच्याने दोन्हीकडे बघितलं आणि पुन्हा पाण्यात चोच घातली. त्याचं पोट भरेपर्यंत सर तसेच उभे होते, बूट भिजत होता तरी. तो आपल्या मर्जीने उडाला तेव्हाच मी हात खाली घेतला.

सर जवळ येऊन माझ्याशेजारी दगडावर बसले. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवेगावच्या तलावावर जायचंय. तुला रजा मिळेल ना?"

त्यांचा आवाज मऊ नव्हता. इतरांना विचारतात तसंच विचारलं होतं.

चढायला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाठ डोंगराकडे करून, चांगल्या पायाने रेटत वर सरकायचं. सर माझ्या मागून माझ्याच चालीने येत राहिले. वरून कुणी तरी उशीर होतोय म्हणून हाक मारली तर ते खेकसले, "येतोय आम्ही!" खुर्चीचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मी गल्लीत शिरले ती मळलेली, खरचटलेली आणि राणीच्या थाटात. आई दारातच होती. मी तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. समोरची शेजारीण ओट्यावर बसून ऐकत होती. चौथीपर्यंत आईने मला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं आणि त्या बाईने ते रोज याच ओट्यावरून पाहिलं होतं. तिने काळजीनेच विचारलं,

"एवढ्या खाली कोनी उचलून नेलं वं पोरीले?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली,

"कोनीच नाही उचललं. म्या बी नाही."