फक्त मामांचा चेहरा हवा होता

देवीला फोटोसाठी बोलावणारी सोलापुरातली मी पहिलीच बाई असेन.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. (त्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजात गेलं असेल, तर ते मांडव घालायला.) पोरीनं आता क्लार्कच्या परीक्षेला बसावं, ही आप्पांची साधी अपेक्षा. मी भवानी पेठेत टॉवेलच्या दुकानावरच्या खोलीत फोटोस्टुडिओ काढला. पोट पासपोर्ट फोटोंवर चालायचं, मन मात्र कलावंतांच्या चेहऱ्यांत. तमाशातला सोंगाड्या, भारूड म्हणणारी बाई, बँडमधला क्लॅरनेटवाला, अशांना रंग-पोशाख उतरवून काळ्या पडद्यापुढं बसवायचं आणि अगदी जवळून नुसता चेहरा टिपायचा. पुण्यातल्या एका प्रदर्शनानं असे फोटो माझ्याकडून मागवले होते. शेवटचा एक राहिला होता आणि तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. आप्पांनी बजावलं होतं, "ह्यातनं काय झालं तर झालं. न्हायतर कॅमेरा ईक आन गप परीक्षेला बस."

हा शेवटचा फोटो शंकरमामांचा, म्हणजे आईच्या भावाचा. मामा पिढीजात गोंधळी. त्यांच्या संबळावर काठी पडली की माळशिरसापर्यंतची लग्नघरं उठून बसतात. चारच्या एस.टी.नं त्यांना नातेपुत्याला जायचं होतं, तिथं रात्री गोंधळ होता. मधला वेळ माझा.

मामा आले, पण एकटे नव्हेत. बरोबर आई, आप्पा आणि आत्या. (आत्या कशाला, हे मी विचारलं नाही. आत्याला तसं कुणी विचारत नाही.) मी मामांना अंगरखा आणि कवड्यांची माळ काढायला सांगितली. ते बनियनवर बसले आणि म्हणाले, "आता मी कोण दिसतोय? गॅस पोचवणारा?"

मी त्यांना समजावलं की मला पोशाखामागचा माणूस हवाय. मामांनी तो माणूस लगेच हजर केला: मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ शिवलेले. हुबेहूब आधार कार्ड. हसा म्हटलं तर दात दाखवले, विसरून जा म्हटलं तर काय विसरू ते विचारलं.

दिवस मे महिन्याचे. वाऱ्यानं पडदा हलतो म्हणून मी पंखा बंद केला होता आणि कुणी लावू नये म्हणून त्याचा रिमोट पर्समध्ये टाकला होता. कॅमेऱ्याचा रिमोट स्टुलावर होता. त्या स्टुलाला लागून आप्पा बसले होते, आणि घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. एवढं लक्षात असू द्या.

मग मला माझी पदवी नडली. मी म्हटलं, मामा, नुसतं बसू नका, खरोखरचं वाजवा. सुरुवातीला तुम्ही देवांना गावागावांवरून हाका मारता ना, तेवढंच म्हणा. तेव्हाचा तुमचा चेहरा मला हवाय.

मामा गंभीर झाले. "वैशे, हाका मारल्या की देव येत्यात. मग मधीच उठता येत न्हाई. आरती करून, निवद दाखवून पाठवावं लागतंय."

"पाचच मिनिटं मामा. कला म्हणून."

"बोलवायचं आन जेवायचं इचारायचं न्हाई? हे कॉलेजात शिकिवलं व्हय?"

पण आईनं भावाकडं डोळे मोठे करून पाहिलं. मामांनी दिवटी पेटवून आईच्या हातात दिली, अंगरखा चढवला (गॅसवाल्याच्या हाकेला देव येत नाहीत म्हणे) आणि उभं राहून संबळावर काठी मारली. कॅमेरा तिवईवर होता. जमिनीवर खडूनं खूण केली होती आणि फोकस त्याच खुणेवर लावून ठेवला होता. मामांनी तुळजापूरला हाक मारली, मग कोल्हापूरला, मग जेजुरीला. चेहरा असा उजळला की माझ्याच अंगावर काटा आला. मी रिमोट घ्यायला वळले, तेवढ्यात आपोआप लख्खकन फ्लॅश पडला.

आणि आत्याच्या अंगात आलं.

केस सुटले, आत्या घुमायला लागली. परत फ्लॅश. आत्याचा जोर वाढला. मला वाटलं, वायरिंग गेलं. आईला वाटलं, वीज कडाडली. खालचा टॉवेलवाला पायऱ्यांवर चपला काढून वर आला, त्याच्यामागं त्याची बायको नारळ घेऊन, तिच्यामागं निम्मी गल्ली. एका आजींनी माझ्या लाइटच्या पांढऱ्या छत्रीला हळदकुंकू वाहिलं. एकानं तिवईलाच नमस्कार घातला. फ्लॅश पडेल तसे सगळे हात जोडत होते.

"कुणी बोलावलं मला?" आत्यानं विचारलं. आवाज आत्याचा नव्हता. (म्हणजे आत्याचाच, पण दळणवाल्याशी बोलतानाचा.)

मामांनी संबळाच्या काठीनं माझ्याकडं बोट केल्यासारखं केलं.

"कशापायी?"

देवीपुढं खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "फोटोसाठी."

संबळसुद्धा थांबला. देवीनं माझ्याकडं पाहिलं, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि खांद्यावरचा पदर सारखा केला.

मग हुकूम सुटला: यजमान तूच, दिवटी तूच धर, गोंधळ पुरा कर. मला ढकलून मधोमध उभं केलं गेलं, नेमकं खडूच्या खुणेवर. कपाळावर मळवट भरला, तो नाकापर्यंत उतरला. गळ्यात कवड्यांची माळ पडली. आधी मी लाजत होते. मग मामांनी लय वाढवली, आणि खरं सांगते, कधी केस सुटले आणि कधी मी गळा काढून हाका मारायला लागले, ते मला कळलंच नाही. शेवटी पिढीजात रक्त! बी.ए.नं ते पातळ झालं नव्हतं.

आरती झाली. निवदाला पुरणपोळी टॉवेलवालीनं आणली. आत्या भानावर येऊन चहा मागू लागली. मामांनी तिथूनच एस.टी. गाठली. मी घड्याळाकडं पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. मामांचा एकही फोटो काढला नव्हता. डोळ्यांपुढं क्लार्कची परीक्षा नाचू लागली.

तेव्हा आप्पांनी कॅमेऱ्याचा रिमोट माझ्या मांडीवर टाकला. "ह्यो पंखा दुरुस्त करून घे. मघापास्नं बटण दाबतोय, वारा न्हाई, नुसता उजेड पडतोय."

मी कॅमेरा उघडला. आत्याची पाठ. नारळ. टॉवेलवाल्याचं टक्कल. मामांपुढं आईचा हात. आणि एक फोटो काचेसारखा स्वच्छ: मळवट भरलेली एक बाई, घामानं निथळलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले, दिवटीचा उजेड गालावर. मागं अंधारात मामांचा एक कान.

दुसरं काहीच नव्हतं. तोच पाठवला, आणि छायाचित्रकार म्हणून आप्पांचं नाव दिलं. पदवीधर असले तरी लबाड नाही.

पुण्याच्या लोकांनी तो अगदी दारासमोर लावला. माझे बाकीचे फोटो आत, पाण्याच्या पिंपाशेजारी. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चष्मेवाल्या एका बाईंनी त्यांना आदरानं विचारलं, कलावंताच्या इतक्या आतला क्षण तुम्ही नेमका कसा ओळखलात?

आप्पांनी थोडा विचार केला. "लई उकडत हुतं," ते म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं.

परीक्षेचं नाव आप्पांनी त्यानंतर काढलेलं नाही. रोज दुपारी ते स्टुडिओत येतात, खुर्ची ओढतात आणि रिमोट हातात घेतात. पंखा लावू देत नाहीत. त्यानं फोटो बिघडतो, असा त्यांचा अनुभव आहे. आणि मी, घराण्यातली पहिली पदवीधर, शेजारी उभी राहून त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालते.