विहीणबाई अखेर रुसल्या

विहीण या नात्याची अब्रू जगात कुणी धुळीला मिळवली असेल, तर ती आमच्या विहीणबाईंनी. मुलीच्या आईने विहिणीला घाबरून असावं, पंगतीत तिला वाढायला दोन माणसं वेगळी उभी करावीत आणि एवढं करूनही तिने तोंड फुगवून मांडवाच्या कोपऱ्यात बसावं, ही आपल्याकडची रीत. मी चिखलीला शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे रीत म्हटली की मला बरं वाटतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी रुसव्याची पूर्ण तयारी ठेवली होती. जादाच्या दोन भारी साड्या, एक चांदीचा करंडा आणि समजूत काढण्यात पटाईत असलेली माझी एक चुलतजाऊ. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली. साड्या कपाटात तशाच आहेत, करंड्यात मी सुया ठेवते आणि जाऊबाई वाट बघून कंटाळल्या. आमच्या देऊळगाव राजाच्या विहीणबाई काही रुसल्या नाहीत. त्यांना तेवढा वेळच नव्हता.

त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या मुलगी बघायला. बरोबर मोठी माणसं होती, बोलणी गंभीर चालली होती, आणि या मान वर करून छताकडे बघत बसलेल्या. मला वाटलं, जाळी-जळमटं शोधतायत. मध्येच म्हणाल्या, "तुमच्या पंख्यावर चिमनीनं खोपा केला हाय. मंग गरमीत पंखा लावता कसा?" आमचे हे ओशाळून म्हणाले, "लावत नाही. पिल्लं आहेत ना." झालं. विहीणबाईंनी सगळ्या मोठ्या माणसांकडे वळून जाहीर केलं, "पोरगी पसंत हाय." माझी मुलगी तोवर चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलीसुद्धा नव्हती. लग्नातही तेच. ऐन मुहूर्ताला वरमाय गायब! सगळा मांडव पालथा घातला, तेव्हा त्या मागच्या बाजूला आचाऱ्याशेजारी बसून तेलात जिलबीच्या पिठाने नवरा-नवरीची नावं काढत होत्या. नवऱ्याचं नाव जमलं होतं, आमच्या लेकीच्या नावातला जोडाक्षराचा भाग तेलात फिसकटत होता. हात पाकाने चिकट झालेले. मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी उधळलेल्या अक्षता त्यांच्याच बोटांना चिकटून राहिल्या. वधूवरांवर एक दाणा पडला असेल तर शपथ. मी मात्र मनात धरून बसले होते, की आता पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून तरी या रुसतील. त्या आल्या आणि कानात म्हणाल्या, "इहीनबाई, जोडाक्षर जमलं बरं का शेवटी."

त्यांचं माहेर शेगावकडचं. देऊळगाव राजात सगळी हयात गेली तरी बोली तिकडचीच राहिली आणि सवयीही. शेगावला दर्शनाला गेलो की दर्शन झाल्यावर त्या मला स्टेशनवर घेऊन जातात. कुठे जायचं नसतं. येईल त्या गाडीला हात हलवून निरोप द्यायचा, एवढंच काम. "ज्याले सोडाले कोनी आलं नसन, त्याच्यासाठी," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक जाडजूड गृहस्थ, ओळखीचं कुणीतरी आलंय अशा समजुतीने हातातला वडा टाकून डब्यातून खाली उतरले, आम्हा दोघींना नमस्कार करून घरच्यांची खुशाली सांगू लागले आणि गाडी सुटल्यावर धावत सुटले. विहीणबाईंनी त्यांना धावतानाही हात हलवला. घरी अंगणात वांगी लावली तेव्हा पाखरं हाकायला त्यांनी बुजगावणं केलं आणि त्याला व्याह्यांचा सफारी चढवला. इस्त्री करून! आमचे व्याही मुळात अबोल. दूधवाला रोज जाता-येता बुजगावण्याला राम राम घालायचा आणि खरे व्याही दारात खुर्ची टाकून बसलेले असले तरी त्यांच्याकडे बघायचा नाही. व्याह्यांनी तक्रार केली तर म्हणाल्या, "तुमीबी जरा हात पसरून बसत जा."

पण त्यांचा खरा जीव भुलाबाईत. माहेरहून आणलेली ही एकच गोष्ट त्यांनी कधी माळ्यावर टाकली नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई मांडायची, रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमवायच्या, गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खाऊ ओळखणं. बंद डबा समोर ठेवायचा, तो हलवायचा, आवाज ऐकायचा, आंबट की गोड विचारायचं आणि आत काय आहे ते सांगायचं. ओळखल्याशिवाय किंवा हरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बाकीच्या बाया लग्न झालं की हा खेळ सोडतात. आमच्या विहीणबाई आजी झाल्या तरी मुलींच्या घोळक्यात मांडी घालून पहिल्या रांगेत. त्यांच्या गल्लीत ट्रंका आणि डबे करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून त्यांनी दोन बुडांचा डबा करून घेतला होता, म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल व्हावी. चाचांच्या नाती या खेळात सगळ्यांत हुशार, कारण डब्याचा नकाशा घरचाच. आणि विहीणबाईंचा कान असा, की डबा एकदा हलवला की नुसतं "लाडू" म्हणून थांबायच्या नाहीत. "शेंगदान्याचा हाय, कूट जाडं राह्यलं, अन् चार हायेत," इथपर्यंत. मी दर वर्षी एक डबा घेऊन जायची आणि दर वर्षी मी चपला काढायच्या आत त्यांनी ओळखलेलं असायचं.

गेल्या वर्षी भुलाबाई बसली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एका मुलीने शेव आणली. विहीणबाईंनी डबा हलवला आणि म्हणाल्या, "मुरमुरे." मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी चकल्यांना त्या साबुदाणा म्हणाल्या. मुलींना वाटलं, आजी मुद्दाम चुकतायत. आजींना मात्र कळलं होतं. कान गेले होते. हळूहळू जात होते ते आता गेले होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पोरीहो, आता तुमीच वळखा. मी म्हातारी झाली." हे वाक्य त्या घरात कुणी कधी ऐकलंच नव्हतं. जावयाने दुसऱ्याच दिवशी कानाचं मशीन आणलं. ते त्यांनी फडताळात हळदीच्या डब्यामागे ठेवून दिलं. माझ्या लेकीचा फोन आला, "आई, त्या आता काहीच विचारत नाहीत गं. परवा अंगणात भारद्वाज आला तर बघून परत आत गेल्या." व्याह्यांची तर फारच पंचाईत झाली. घरातलं बोलणं थांबल्यामुळे जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर बोलण्याची वेळ आली, आणि त्यांना हवामानापलीकडे विषय सुचेना.

मी चिखलीहून एसटी पकडली. जाताना डब्यात फुटाणे भरले, चांगले खडखडीत. बहिऱ्यालाही ऐकू जातील असे. वाटलं, एकदा बरोबर आलं की कळी खुलेल. शाळेत मी घाबरलेल्या पोरांना असंच एक सोपं गणित द्यायची. विहीणबाईंनी डबा घेतला, हलवला, फुटाण्यांनी सगळं घर दणाणलं. त्यांनी डबा माझ्या पायाशी ठेवला, माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या नात्याची पहिल्यांदा जाणीव झाली, आणि त्या उठून आत गेल्या. चहा लेकीच्या हाती बाहेर आला. जेवायला त्या बसल्या नाहीत. समजूत काढायला व्याही आत गेले आणि तसेच बाहेर आले. शेवटी मीच दाराशी उभी राहिले. भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "मले सोपं आनलं तुमी. लहान लेकरालेबी कोनी एवढं सोपं देत नाही. काऊन? मी काय गेली का?"

अखेर विहीण रुसली. ज्या रुसव्यासाठी मी साड्या घेऊन ठेवल्या होत्या, तो साडीने निघणारा नव्हताच. मी गाडीत बसले तेव्हा मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही होत होता. एवढं रुसायला जोर लागतो. तो जोर त्यांच्यात शिल्लक होता.

घरी येऊन मी विचार करायला लागले. खाऊ असा हवा, जो त्यांनाच नाही, कुणालाच ऐकू येणार नाही. हलवाही मऊ असला तरी थपथप करतो, अनारसा सरकतो. साठीनंतर मी पहिल्यांदाच असं काही शोधत होते, ज्याचं उत्तर पुस्तकामागे छापलेलं नव्हतं. शेवटी सुचलं. गुळाचा पाक करायचा, शेंगदाणे घालायचे आणि उकळती चिक्की थेट डब्यातच ओतायची. थंड झाली की बुडाला धरून बसेल. वाजणार कशी? पहिल्या खेपेला सवयीने डब्याला तूप लावलं, त्यामुळे चिक्की सुटली आणि आत आपटायला लागली. पुढच्या खेपेला पाक करपला. त्यानंतरची मात्र अशी घट्ट बसली, की डबा जमिनीवर आपटला तरी हूं की चूं नाही. गुळाचा वास येऊ नये म्हणून झाकण कणकेने लिंपलं. फसलेल्या चिक्क्या चघळत आमचे हे म्हणाले, "पण ही काढून खायची कशी?" मी म्हटलं, "खायची नाहीये. ओळखायची आहे." स्वयंपाकघरात उभी राहून मी एकटीच हसत होते.

कोजागिरीच्या दिवशी दुपारीच मी देऊळगाव राजाला पोचले. विहीणबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. संध्याकाळी मुली जमल्या, गाणी झाली, आणि मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. नाइलाजाने त्यांनी हलवला. काहीच नाही. पुन्हा हलवला. त्यांचा चेहरा उतरला. यांना फुटाणेच द्यायला हवे होते, असं क्षणभर मनात आलं. त्यांनी डबा गुपचूप चाचांच्या नातीकडे सरकवला. तिने हलवला, कानाशी धरला. "आजी, ये तो बजताच नहीं!"

"तुलेबी नाही वाजत?"

"नहीं ना!"

डबा सगळ्या घोळक्यातून फिरून आला. कुणालाच वाजला नाही. विहीणबाई ताठ बसल्या. "मंग माह्या कानाचा दोस नाही!" असं म्हणून त्यांनी पदर खोचला. नंतर तासभर त्यांनी त्या डब्याचं जे केलं ते सांगण्यासारखं आहे. तळहातावर तोलला, गालाला लावला, बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं, बादलीत तरंगतो का पाहिलं. "रिकामा म्हनाव तं जड हाय. भरला म्हनाव तं बोलत नाही. आंबट हाय?" नाही. "वलं हाय?" नाही. "खायाचंच हाय ना? का वीट ठेवली?" मुली हसून लोळायला लागल्या. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले. "हरली बाई मी! लय दिसांनी मले काही समजलंच नाही!" हरलेलं माणूस एवढं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी झाकण उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी डबा पोटाशी धरला. "हात नका लावू, इहीनबाई. माहा इचार अजून संपला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फडताळातून कानाचं मशीन काढलं. आमचं बोलणं ऐकण्यासाठी नव्हे, डब्यावरची टकटक ऐकण्यासाठी. पण त्याबरोबर बाकीचंही ऐकू यायला लागलं आणि प्रश्न पुन्हा सुरू झाले. व्याह्यांची सुटका झाली. आणि मला रोज सकाळी फोन यायला लागला. राजगिरा? नाही. खवा? नाही. तिळाची पोळी, उभी चिकटवलेली? नाही. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी एवढ्या मोठ्याने "नाही" ओरडते की समोरच्या घरातली माणसं खिडकीत येतात. चहा गॅसवर ठेवला की माझं अर्धं लक्ष फोनकडे असतं. एखाद दिवस उशीर झाला तर जीव वरखाली होतो. माणसाला विहिणीचा एवढा लळा लागावा हे रीतीत बसत नाही, पण लागलाय खरा.

काल सकाळी फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "सापडलं! चिक्की हाय. गरम गरम ओतली तुमी डब्यात. तूप नाही लावलं, म्हनून बुडाले धरून बसली. बरोबर हाय का नाही?" सगळी रीत पायरीपायरीने मांडली होती. शाळेत असते तर पैकीच्या पैकी दिले असते. मी फोन कानाला लावून उभी राहिले. त्या सत्तरीला आल्या, मीही फार मागे नाही. एकदा झाकण उघडलं की हे सकाळचं बोलणं संपणार, आणि पुढच्या भुलाबाईला आम्ही दोघी असू की नाही हे कुणी सांगावं? तिकडून त्या "सांगा ना हो" म्हणत होत्या. मी घसा साफ केला आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, "नाही!"

पलीकडे त्या हसल्या. "नाही? अरे देवा! मंग काय असन हो?" आणि फोन न ठेवताच त्या डब्यावर टकटक करायला लागल्या.