दोडप्पांच्या दारात लंगडा बैल

आमच्या लहानपणी खेळणी नव्हती, असं कुणी हळहळत म्हणालं की माझं डोकंच फिरतं. परवा नातवानं चावीची मोटार माझ्या पुढ्यात सोडली आणि म्हणतो कसा, आजी, तुम्हा बिचाऱ्यांना असलं काही मिळालंच नसेल. बिचारे? अरे, कडब्याच्या धाटांच्या गाड्या होत्या, जत्रेतल्या पिपाण्या होत्या, मोहरमला फिरवायच्या कागदी भिंगऱ्या होत्या, पंचमीचे भोवरे होते. सणागणिक नवं खेळणं, आणि त्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं. तुमची कीव तुमच्याजवळच ठेवा.

पण सगळ्यांत मानाचं खेळणं म्हणजे मातीचा बैल. मादन हिप्परग्याच्या अलीकडं, कानडी सीमेवर, आमचं गाव. तिथं जेठातल्या अवसेला घरोघर काळ्या मातीचे बैल करीत. कानडीत म्हणायचं मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची अवस. मी सांगतेय त्या साली शाळेला सुट्टीच होती. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, उर्दू शिकवणारे मास्तर निघून गेलेले आणि नवे कोण येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बैलजोडी भिंतीतल्या देवळीत मांडायची, पुढं मातीचीच गव्हाण करायची, मग पूजा आणि पुरणाच्या कडबूंचा नैवेद्य.

आता यातली मेख ऐका. बैल करायचे ते पोरांनी. पोरींचा मान पुढं आषाढातल्या मंगळवारी, गुळ्ळव्वाचा. गुळ्ळव्वा म्हणजे त्याच मातीची बाहुली, ती करायची आणि लाल गुंजांनी नटवायची. माती एकाच ओढ्याची, पण बैल पोरांचा आणि बाहुली पोरींची. कामून, म्हणून विचारलं की पाठीत धपाटा.

आमच्या घरात पोरगा नव्हता. मी एकटीच. माझ्या वडलांचे, अप्पांचे, थोरले भाऊ, म्हणजे आमचे दोडप्पा, शेजारी वेगळे राहत. त्यांना मुलगे होते आणि त्यातला मधला आमच्या घरी दत्तक द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे आमचं ओढ्याकाठचं रान पुन्हा त्यांच्याच घरात. अप्पा थोरल्या भावापुढं तोंड उघडत नसत. माझी आई, अव्वा, चुलीपुढं बसून डोळे पुसायची आणि धुराचं निमित्त सांगायची. त्या साली अवस जवळ आली तसं दोडप्पांनी सांगितलं, की यंदा तुमच्या देवळीतले बैल माझा पोरगा करील, आणि दिवाळीत दत्तकाचं उरकून घेऊ. घरचे बैल ज्यानं केले तो घरचा, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मलाही लागलं नाही. मला अक्कल कमी असेल, राग मात्र भरपूर होता.

मी ओढ्यावरून माती आणली आणि गोठ्यात बसून जोडी केली. माझ्या हाताला सवय बाहुलीची. बैलांना गुंजांचे लाल डोळे लावले, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या, कपाळावर टिकल्या दिल्या. बैल कसले, नवऱ्याच दिसायला लागल्या. पण वशिंडं अशी झकास उठवली होती की काय सांगू! अवसेच्या सकाळी कुणी उठायच्या आत मी ती जोडी देवळीत मांडली.

दोडप्पा त्यांच्या पोराला आणि त्याच्या बैलांना घेऊन आले. देवळीकडं बघून पोटभर हसले. इथं गुळ्ळव्वा कुणी बसवल्या, म्हणाले, आणि माझा एक बैल उचलून माझ्या हातात कोंबला. त्यांच्या मुठीत त्याचा पुढचा पाय मोडला. दुसराही त्यांनी खाली ठेवला.  अप्पांनी पुतण्याच्या बैलांची पूजा केली. मी रडले नाही असं सांगायला आवडलं असतं मला. रडले, पण गोठ्यात जाऊन.

अवसेच्या दुसऱ्या दिवशी पोरं लंगडा बैल घेऊन घरोघर जोंधळे मागत फिरतात. त्यासाठी एका बैलाचा पाय मुद्दाम मोडतात. लंगड्या बैलाला कुणी रिकामं धाडत नाही, नाहीतर दावणीचा बैल लंगडा होतो असं मानतात. माझा तर आयताच मोडलेला होता. मी तो ताटात घेतला आणि एकटीच निघाले, थेट दोडप्पांच्या दारात. ओसरीवर चार माणसं पेरणीचं बोलत बसलेली. त्यांत अप्पाही होते.

येईल त्या पोराला विचारायची रीत असते, तसं दोडप्पांनी हसत विचारलं, "कुणाच्या घरचा बैल हाय ह्यो?"

"माझ्या अप्पांच्या घरचा," मी म्हणाले. "पाय तुमच्या हातानं मोडलाय, दोडप्पा. जोंधळे वाढा."

 पोरीचा बैल नसतो, घरी जा, असं दोडप्पा म्हणाले. मी हलले नाही.  तेवढ्यात आतून दोडव्वा आली. ही दोडप्पांची बायको, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेलेली मी पाहिली नव्हती. तिनं सुपातले जोंधळे माझ्या परकराच्या ओच्यात ओतले आणि नवऱ्याकडं न बघता आत गेली. दोडप्पांनाही तिला अडवता आलं नाही. त्यांच्याही दावणीला बैल होतेच की.

अप्पा उठले. तडक घरी आले, देवळीतली पुतण्याची जोडी उपरण्यात घेतली आणि तसेच परत गेले. मी मागं मागं.

"अण्णा, हे तुमचे बैल," ते थोरल्या भावाला म्हणाले. "आमच्या घरात बैल केलेत."

"ते? लंगडा हाय त्यातला."

"व्हय. लंगडा हाय, पण आमचा हाय. दत्तकाचं आता काढू नका."

 घरी येऊन अप्पांनी माझी जोडी देवळीत ठेवली आणि लंगड्याच्या मोडक्या पायाखाली मातीचा गोळा लावला. अवस कालच सरली होती. तरी अप्पांनी पुन्हा दिवा लावला आणि पूजेची घंटी माझ्या हातात दिली.