नाव काकींचं निघालं

बीपी-शुगरच्या देशभराच्या पाहणीत मला रत्नागिरी जिल्ह्यातली गावं मिळाली, तेव्हा मी आनंदानं घर डोक्यावर घेतलं होतं. घरचे म्हणाले, लोकांचं रक्त काढत हिंडायचं, त्यात नाचण्यासारखं काय? मला त्या कामातली सोडत आवडायची. आजारी माणूस हुडकून काढायचा नाही. घरात राहणाऱ्यांची नावं टॅबवर भरायची आणि टॅब ज्याचं नाव काढील त्यालाच तपासायचं. धडधाकट असो नाहीतर खाटेवरचा, बदली चालत नाही. देशात कुठला आजार किती पसरलाय ते अशानंच कळतं, हे पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस यायचा.

राजापूरच्या आतल्या एका वाडीत साठीच्या काकी ओटीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. घरात माणसं किती, तर म्हणाल्या, सात. तीन मुलगे, दोन सुना, त्या आणि थोरली जाऊ. मी भराभर सगळी नावं भरली, बटण दाबलं. मधल्या मुलाचं नाव निघालं.

"बोलवा त्याला."

"तो मुंबयला हाय. शिमग्याला येल."

"आणि बाकीचे?"

"सगले थयच. हय आमी दोगी जावाच."

माझं डोकंच फिरलं. "मग सात कशाला सांगितलेत, काकी?"

"मग काय सांगू? माजी माणसां नायत ती?"

साहेबांना फोन लावला. त्यांनी मलाच झापलं, आणि बरोबरच होतं. गेले सहा महिने कोण राहतंय ते आधी विचारायचं असतं, मी घाईत विसरले होते. यादी नव्याने करायला त्यांनी परवानगी दिली. मी मुलासुनांचं एकेक नाव वाचलं आणि काकी प्रत्येक नावाला "नाय ऱ्हात" म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

उरल्या दोघी. पुन्हा बटण दाबलं आणि काकींचं नाव आलं!

"माजां? अख्ख्या देशातून?"

"लॉटरी लागली गो तुला!" जाऊ ओरडली. काकी आत जाऊन चक्क ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मलाही चेव चढला. देशातल्या कितीतरी बायकांच्या वतीनं ही बाई माझ्यासमोर हात पुढे करून बसली होती!

बीपी तीनदा घेतात, मध्ये थोडी विश्रांती देऊन. पहिला आकडा पाहून वाटलं, उत्साहामुळे असेल. जावेला गप्प बसवलं. दुसराही तसाच. तिसऱ्याला वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि माझं अवसान गळालं.

"डोकं दुखतं का?"

"तां रोजचांच."

आत्ताच्या आत्ता आमच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात चला, म्हटलं. पुढे दर महिन्याला जावं लागेल, गोळ्या चुकवायच्या नाहीत, सोबत कुणीतरी हवं.

"शिमगो होव दे. पोरगे येतील, मग जाव."

शिमग्याला अजून चार महिने होते. "तोवर काही झालं म्हणजे?" मी चिडूनच बोलले. मुलांना मी परस्पर कळवू शकत नव्हते. तपासणीत काय निघालं ते फक्त ज्याचं त्याला सांगायचं, असा नियम. मी हातावर हात ठेवून बसले.

काकींनी मोबाईल उचलला, मधल्याला लावला. "आरं, देशातून माजां नाव निघालां!" पलीकडून हसण्याचा आवाज आला. काकी आता बीपीचं गिळून टाकणार, याची मला खात्रीच होती.

"आयक," त्या म्हणाल्या, "बीपी लय निघालाय. सणाची वाट नको बघू. माज्यासाठी ये."

पलीकडे हसणं थांबलं. काकींनी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागल्या. पोरांकडे तिनं पहिल्यांदा काही मागितलं ते आजच, असं जाऊ नंतर गाडीत म्हणाली.