होजवर बांधलेला जाळ्याचा दोरा

माझी मोठी बहीण गोराईला दिलेली. तिच्या सासरची थोडी वाडी आहे, भाजी आणि नारळ, आणि एक जुना ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर वर्षभर वाडीत राबतो आणि पावसाळ्याआधी मासेमारी बंद झाली की गावातल्या होड्या ओढतो. उधाणाच्या भरतीला होड्या जमेल तितक्या वर आणायच्या, मग ओंडक्यांवरून ट्रॅक्टरने माडांपर्यंत न्यायच्या, अशी तिथली पद्धत. भावोजी होते तोवर ते चालवायचे. ते अचानक गेले आणि पुढच्या वर्षी ताई ट्रॅक्टरवर चढली. चढ असं कोणी म्हटलं नव्हतं. उतर म्हणायचीही कोणाची छाती झाली नाही.

तीन वर्षं तिने होड्या ओढल्या. चौथ्या वर्षी उधाणाला आठ दिवस असताना तिचा फोन आला.

"अरे, स्टेअरिंग दगड झालंय. उभी राहून फिरवते. खांद्याची वाट लागली माझ्या. होडीवाले म्हातारबाबा म्हणाले, यंदा बाहेरून ट्रॅक्टर बोलावतो, ड्रायव्हरसकट."

"मग बोलावू दे ना एक वर्ष."

"वाईट मनाने नाही बोलले ते. पण मी एकदा उतरले ना, तर परत मला कोण बसवणार?"

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं हायड्रॉलिकचे पंप आणि सिलिंडर दुरुस्त करतोय. पॉवर स्टेअरिंग म्हणजे तेच, एका पंपाने तेल दाबायचं आणि त्या दाबाने चाकं वळवायची. जड झालं म्हणजे दाब कुठेतरी कमी पडतोय. एका सुट्टीचं काम, असं मी तिला सांगून टाकलं. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी बोरिवलीहून जाऊन, खाडी ओलांडून सकाळीच पोचलो. आधी पुढची बाजू जॅकवर उचलली. हवेत चाकं हाताने सहज फिरत होती, म्हणजे खाली काही अडकलं नव्हतं. स्टेअरिंगच्या तेलाची टाकी भरलेली होती. खाऱ्या हवेने सिलिंडर खाल्ला असेल अशी मला शंका होती, पण ताई प्रत्येक वेळी किनाऱ्यावरून आली की विहिरीच्या पाण्याने ट्रॅक्टर धुते आणि तेलाचा फडका मारते. सिलिंडर आरशासारखा होता. मग इंजिन चालू करून दाब मोजायचा गेज लावला. पंप कण्हत होता आणि काटा अर्ध्यावरच थरथरत होता.

टाकीतून पंपाकडे येणाऱ्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, सांध्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळलेला होता. जाळं विणायचा दोरा, वेढ्याला वेढा चिकटलेला, अंगठ्याएवढा रुंद पट्टा. मी फडका घेऊन तिकडे वळलो तशी ताई म्हणाली, "तिथे हात नको लावूस. त्यांनी बांधलंय ते."

सांधा कोरडा ठणठणीत होता, तेलाचा थेंब नाही. मी पुढे सरकलो. टाकीत फेस दिसला, तोही जुन्या तेलावर ढकलला. आणि जाहीर केलं, पंप गेला.

पंप पिशवीत घालून अंधेरीला नेला, उघडला, सील बदलले, बुश बदलले, टेस्टवर लावला. माझ्या हातून इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. गुरुवारी रजा टाकून परत गेलो, पंप बसवला, नवं तेल भरलं, इंजिन चालू केलं. तेच कण्हणं. तोच दगड.

मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. पाना आपटला. ताईने चहा आणला.

"झालं?"

"नाही."

"मग चहा घे आणि परत बघ. परवा उधाण आहे."

चहा पिताना टाकीचं झाकण उघडं होतं. नव्या तेलावर दहा मिनिटांत पेजेसारखा फेस आला होता. नवं तेल आपोआप फेसाळत नाही, त्यात हवा शिरावी लागते. दाबाच्या बाजूला गळती असेल तर तेल बाहेर येतं. पण टाकीपासून पंपापर्यंत तेल खेचलं जातं, तिथे चीर पडली तर बाहेर काहीच येत नाही, हवा आत जाते. त्या बाजूचा कोरडा सांधा आधी बघायचा, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं समजावतोय. आणि खरं सांगायचं तर मी तो सांधा कोरडा म्हणून सोडलाच नव्हता. भावोजींच्या हातचा म्हणून सोडला होता.

"ताई, मी वरून नुसतं ग्रीस थापतो, हवा थांबते का बघू. दोरा सोडत नाही."

ती बाजूला सरकली. मी मूठभर ग्रीस त्या पट्ट्यावर लिंपलं. कण्हणं हळूहळू बसलं. ताई सीटवर चढली आणि तिने स्टेअरिंग फिरवलं, बसूनच, एका हाताने. पुढची चाकं मातीत चुपचाप वळली. मग ग्रीस आत ओढलं गेलं, कण्हणं परत सुरू झालं आणि तिचा हात थांबला. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कापू?" मी विचारलं.

"कापू नको. सोडते मी."

कोळ्यांची गाठ, त्यात ग्रीस आणि मीठ. तिने डोक्यातली पिन काढली आणि ट्रॅक्टरशेजारी फतकल मारून बसली. तासभर लागला असेल. वेढा सुटला की ती तो बोटावर गुंडाळून घ्यायची. खाली होज कडक होऊन त्याला नखाएवढी चीर पडली होती आणि त्याला पाइपवर आवळून धरणारी क्लिप नव्हतीच.

"शेवटच्या होडीला तुटली होती क्लिप," ती म्हणाली. "भरती उतरत होती. कोणाच्या तरी जाळ्यातला दोरा काढून बांधला त्यांनी. म्हणाले, आज चालवू, उद्या बोरिवलीवरून क्लिप आणतो."

पुढचं मला माहीत होतं. त्या रात्रीच भावोजींच्या छातीत दुखायला लागलं होतं. एका दिवसासाठी बांधलेला दोरा चार वर्षं टिकला होता, कारण आम्ही कोणी त्याला हातच लावला नव्हता. रडू आलं, ते ग्रीसच्या हाताने पुसताही येईना.

शुक्रवारी नवा होज आणि क्लिप घेऊन गेलो. शनिवारी भरतीला होड्या वर आल्या. म्हातारबाबांनी बाहेरचा ट्रॅक्टर सांगितला नव्हता, ते पुढे उभे राहून डावीकडे-उजवीकडे हात करत होते. ताई त्यांच्या हाताकडे बघून एका हाताने स्टेअरिंग वळवत होती, दुसरा हात मांडीवर. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या माडांखाली लागल्या. "पुढच्या वर्षीपण येशील ना गं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मग कोण येणार?"

घरी येऊन तिने ट्रॅक्टर विहिरीच्या पाण्याने धुतला. तो दोरा तिने साबणाने धुऊन कारल्याच्या मांडवाला बांधला होता, वेल चढायला. मग माझ्यापुढे हात केला.

"अजून एक क्लिप आहे का रे? डब्यात असू दे. उद्यावर नको."

मी जादाच्या दोन आणल्या होत्या. दोन्ही दिल्या.