पलीकडून आलेला जय भीम

चहा घ्या, पण घोट जरा जपून. मागे हाच किस्सा सांगत होतो तेव्हा एकाने आमच्या नव्या कार्पेटवर चहा फवारला. माझी बायको प्रज्ञा तो डाग पाहुण्यांना दाखवते आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावते. आता तुम्हीही डाग पाहिलाच आहे, तेव्हा माझी सुटका नाही.

तर आम्ही इथे मिल्टन कीन्समध्ये राहतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आठवडाभर मी ऑफिसचं कोडिंग करतो. शनिवार-रविवारी शहाणी माणसं गार्डनमधलं गवत कापतात, आणि मी काय करतो? माझा मित्र मिलिंद आणि मी मिळून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो. तिचं कर्नल, म्हणजे अगदी आतला गाभा, आम्ही दोघांनी स्वतः लिहिलंय. कोणी मागितलं होतं? कोणीही नाही. कोणाला गोल्फचा नाद असतो, आम्हाला हा लागला.

मिलिंद लीड्सला असतो, एका हॉस्पिटलच्या आयटीमध्ये. नागपूरला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची दोस्ती.

आमच्या सिस्टिमची खासियत एकच. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅम एका बंद खोलीत चालतो. बाहेरचं त्याला दिसत नाही, आतलं काही बाहेर जात नाही. याला सॅन्डबॉक्स म्हणतात. या खोलीच्या भिंती मिलिंदने बांधल्या, आणि अशा पक्क्या बांधल्या की सुई जाईल तर शपथ. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. खोलीतल्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला नेटवर्क का मिळू नये? इथल्या घरांच्या दारांना टपालाची फट असते ना, तशी एक फट ठेवायची. आतून चिठ्ठी टाकायची, बाहेरून आलेली घ्यायची, दार मात्र बंदच. त्या फटीला आमच्या धंद्यात सॉकेट म्हणतात.

मिलिंदला हे अजिबात पटलं नाही. आणि आमचा वाद झाला कुठे? हाउन्सलोला, जयंतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, सगळ्या समाजासमोर.

“फट ठेवली तर बंद खोली कायची बे?” मिलिंद म्हणाला.

“फट नसेल तर वापरणार कोण? तू आणि मी?”

“आधी भिंत प्रॉपर टेस्ट होऊ दे ना. तुला नेहमीच घाई.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हातात प्लेट, मागे रांग, आणि माझा पारा चढलेला. मी म्हणालो, “हॉस्पिटलचे प्रिंटर जोडणाऱ्याने मला नेटवर्किंग शिकवू नये.”

भाजी वाढणाऱ्या काकूंचा हात जागच्या जागी थांबला. मिलिंदने प्लेट टेबलावर ठेवली, कोट घातला आणि सगळ्यांना जय भीम करत निघाला. सगळ्यांना, मला सोडून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते मला फार लागलं.

आता तुम्ही म्हणाल, फोन करून मोकळं व्हायचं. केला का मी? नाही केला. मी का करू? त्यानेही केला नाही. कित्येक आठवडे गेले. मी ठरवलं की सॉकेट बनवून दाखवायचंच. मिलिंदच्या घरी आमचं एक टेस्ट मशीन कायम चालू असतं. त्याच्या स्क्रीनवर बाहेरून आलेला मजकूर उमटतो आणि तिथे बसलेल्याला उत्तर टाइप करता येतं. माझ्या सॉकेटमधून पहिली चिठ्ठी जाईल ती थेट त्याच्या घरात. मग बघू म्हटलं, कोण प्रिंटर जोडतो ते.

आणि एका रविवारी सकाळी ते कोड एकदाचं चाललं. प्रज्ञा पोहे करत होती. मी सॅन्डबॉक्समधला माझा छोटा चॅट प्रोग्रॅम सुरू केला, मिलिंदच्या मशीनचा पत्ता घातला आणि लिहिलं, “जय भीम.”

क्षणात पलीकडून उत्तर आलं, “जय भीम.”

अहो, मी खुर्चीवरून उडालो. सॉकेट चाललं हा एक आनंद, आणि मिलिंदने मला जय भीम केला हा त्याहून मोठा. प्रज्ञा उलथणं हातात घेऊनच धावत आली.

“बघ, मिलिंद बोलतोय!”

“इतक्या फास्ट टाइप करतो तो?”

प्रज्ञा व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. शंका काढण्याचे तिला पैसे मिळतात. मी म्हणालो, “अगं, स्क्रीनसमोर वाट बघत बसला असणार बिचारा.”

मी लिहिलं, “काय म्हणतोस?”

पलीकडून आलं, “काय म्हणतोस?”

मी लिहिलं, “काही विशेष नाही.” तोही म्हणाला, “काही विशेष नाही.” मी विचारलं, “नाश्ता झाला का?” त्याने विचारलं, “नाश्ता झाला का?”

आता मला सांगा, यात कोणाला काय खटकणार? आपण मराठी माणसं फोनवर दुसरं काय बोलतो? तुम्ही विचारता ‘कसे आहात’, समोरचा विचारतो ‘तुम्ही कसे आहात’, आणि उत्तर कोणीच देत नाही. उलट मला भरून आलं. तोच जुना मिलिंद, तीच जुनी तऱ्हा.

मग हिंमत करून लिहिलं, “राग गेला का?”

“राग गेला का?” पलीकडून आलं.

मला? मला कसला राग? मी जरा तोऱ्यात लिहिलं, “मी कुठे रागावलोय?” उत्तर आलं, “मी कुठे रागावलोय?”

“बघितलंस?” मी प्रज्ञाला म्हणालो. “विषय संपला. किती मोठ्या मनाचा माणूस आहे.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रज्ञा म्हणते की ते फोडणीतल्या मिरचीने आलं असेल, पण मला माहीत आहे ते कशाने आलं.

आता भेटायलाच हवं होतं. मी लिहिलं, “तू ये इकडे.” तो म्हणाला, “तू ये इकडे.” मी म्हटलं, “नाही, तूच ये.” तो म्हणाला, “नाही, तूच ये.” असा आग्रह चार-पाच वेळा झाला. शेवटी मी नमतं घेतलं, “बरं बाबा, मी येतो.”

“बरं बाबा, मी येतो.”

प्रज्ञा म्हणाली, “म्हणजे नक्की कोण येतंय?”

झाली का पंचाईत? आता आम्ही दोघंही निघणार आणि एम-वन मोटरवेवर एकमेकांसमोरून उलट दिशांना जाणार. घाईघाईने मी लिहिलं, “तू घरीच थांब.” त्याचंही तेच, “तू घरीच थांब.” नागपूरचा माणूस, तो काय ऐकतो?

“फोन कर ना त्याला,” प्रज्ञा म्हणाली.

“मग सॉकेट कशाला बनवलं मी? तो आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत मी पोचतो.”

पोहे डब्यात भरले आणि सुटलो. आमच्या गावचे सगळे राउंडअबाउट ओलांडून मोटरवेला लागलो. आठवडाभर ज्या गाण्यांना मी नावं ठेवतो ती रेडिओवर लागली होती आणि मी त्यांच्याबरोबर गात होतो. मध्ये एका सर्व्हिसेसला, म्हणजे चहा-पेट्रोलच्या थांब्याला, थांबून समोरच्या लेनमध्ये मिलिंदची गाडी दिसते का तेही पाहून घेतलं.

लीड्सला बेल वाजवली. मिलिंदने ड्रेसिंग गाउनमध्ये दार उघडलं.

“काऊन बे? इकडे कसा?”

“तूच म्हणालास ना ये म्हणून.”

“मी? कधी?”

“आज सकाळी. जय भीम केलास, नाश्ता विचारलास.”

“मी तुला जय भीम केला?” त्याने हे अगदी खऱ्या आश्चर्याने विचारलं.

मी विचारलं, “टेस्ट मशीन कुठे आहे?”

“लॉफ्टमध्ये. हाउन्सलोहून आलो त्याच दिवशी वायर काढली आणि वर टाकून दिलं.”

मी डबा हातात धरून दारातच उभा. मग सकाळपासून मी बोलत कोणाशी होतो?

तरी मिलिंदने आत घेतलं, सकाळचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. लॅपटॉप उघडून माझं कोड वाचायला बसला. वाचता वाचता त्याचे खांदे हलायला लागले.

“हे काय लिहून ठेवलंय बे? ‘नेटवर्क कार्डाचं काम होईपर्यंत प्रत्येक चिठ्ठी परत आत पाठव.’”

“ते सुरुवातीला टेस्टिंगसाठी घातलं होतं...”

“कार्डाचं काम झालं. हे काढायचं विसरलास.”

आलं ना लक्षात? मी दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकत होतो, ती माझ्याच पायपुसण्यावर पडत होती. आणि मी ती उचलून वाचत होतो, की अरे वा, मिलिंदचं पत्र आलं.

“म्हणजे राग गेला का असं विचारलं कोणी?” मिलिंदने विचारलं.

“मी.”

“आणि मी कुठे रागावलोय?”

“तेही मीच.”

“कारण मी तर रागावलोय बे,” तो म्हणाला. “अजून.”

मी पोह्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाला, “एक मात्र मानलं पाहिजे. सकाळपासून तू इतकं बोललास, पण एक बाइट बाहेर पडला नाही. माझी भिंत एक नंबर निघाली.”

मग दोघांनी मिळून मशीन लॉफ्टमधून खाली आणलं. ती एक ओळ काढली, बाकी कोड त्याने पुन्हा एकदा तपासलं. मी प्रज्ञाला फोन करून नवं कोड घ्यायला आणि घरचं मशीन रीस्टार्ट करायला सांगितलं. आम्ही दोघं श्वास रोखून त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. खरं सांगतो, मुलाच्या रिझल्टलाही माणूस असा बसत नसेल.

आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, “जय भीम.”

मिलिंदने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कीबोर्डवरच पडलो. सावरून लिहिलं, “जय भीम.”

पण पलीकडे टेस्टर बसली होती. तिने लिहिलं, “हे मीच टाइप केलंय. कोण बोलतंय?”

“मी, सुमेध.”

“कशावरून? सकाळीही तुला असंच वाटलं होतं. मला सुचणार नाही असं काहीतरी लिही, म्हणजे कळेल की पलीकडे खरंच तू आहेस.”

मी मिलिंदकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत होता. काय लिहावं? मग लिहिलं, “मिलिंद शेजारी बसलाय. हाउन्सलोला मी त्याला जे बोललो ते फार वाईट बोललो. चूक माझी होती.”

डब्यातले उरलेले पोहे मिलिंदने दोन प्लेट्समध्ये सारखे वाढले आणि एक प्लेट माझ्यासमोर ठेवली.

तेवढ्यात मिल्टन कीन्सहून उत्तर आलं.

“टेस्ट फेल. चिठ्ठी भलत्याच माणसाकडे जातेय. माझ्या नवऱ्याने असं लिहिणंच शक्य नाही.”