कापसाची अस्वलीण

जनावर मोडायच्या आधी काका त्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "माफ कर गा." मग चाकू चालवत. इतवारीतल्या आमच्या मंडळाचा गणपतीचा देखावा दरवर्षी तेच बांधत. विसर्जन झालं की हत्ती, मोर, वाघ सगळे असे माफी मागून मोडले जात. तुम्ही त्या गल्लीत राहिला असाल, तर तुम्हीही हसला असाल.

गेल्या वर्षी मंडळाला उत्तर ध्रुवाकडचा देखावा हवा होता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, तेही भूगोल घेऊन बीए. बोलावणं मलाच आलं. मी रुबाबात सांगितलं, "फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून लांब आत शिरलेला समुद्र. उभ्या कड्यांवर हजारो पक्षी, खाली बर्फाच्या लाद्यांवर सील. झाड एकही नाही."

"मंग सावली कुठं भेटते त्याइले?"

"तिथं सावली कोणाला पाहिजे, काका?"

"हो गा. मी नागपुरातूनच पाहून राहिलो."

कडे गोणपाटाचे झाले, बर्फ रजईच्या कापसाचा. निळ्या पाण्यात दोन लाद्या, एकीवर पांढरी अस्वलीण, दुसरीवर पिल्लू. कूलरची मोटर पिल्लाला हळूहळू लांब ओढून नेई. बर्फ वितळून मायलेकरं दुरावतात, ही अध्यक्षांची कल्पना. बाया डोळे पुसत.

आरतीनंतर काकांनी विचारलं, "खरंच सोडते का गा ते पिल्लाले?"

"छे. दोन हिवाळे तरी जवळून हलू देत नाही." परीक्षेच्या पेपरात लिहावं तसं मी बोलून गेलो.

काका मोटरीकडे पाहत राहिले. "मी तं माही पोरगी रांगतीच सोडली. माय मेली तिची. भिवापूरले मामाकडे ठेवली, म्हटलं काम जमलं की आणतो." मग म्हणाले, "आता तिले लेकरू झालं. गेलो तं चहा देते. बाबा नाही म्हणत."

"जनावरांचं वेगळं असतं, काका," मी म्हटलं. मलाच ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लाची लादी लांब जाऊन परत येऊ लागली. अध्यक्ष तडकले, "काहून गा, हे काय केलं?"

"लेकरं रडून राहिले होते, भाऊ."

विसर्जनानंतर कडे मोडले, सील मोडले. अस्वलिणीच्या डोक्यावर काकांनी हात ठेवला, पण चाकू काढला नाही. पिल्लू चादरीत गुंडाळून ते भिवापूरच्या बसमध्ये बसले. ते परतलेच नाहीत.

यंदा देखावा दुसऱ्यानं बांधला. जागा हवी म्हणून मंडळाच्या शेडमध्ये पडून असलेली अस्वलीण मोडायची ठरली. काकांना विचारावं म्हणून मी शेडमधूनच फोन लावला. एका बाईनं उचलला. नाव सांगितलं, तशी ती आतल्या बाजूला ओरडली, "बाबा, नागपूरचा फोन हाय."

काका आले. "बोल गा."

अस्वलिणीच्या डोक्यावर माझा हात होता. "काही नाही, काका," मी म्हटलं. "सहज केला."